शाप गोष्टीतला आणि घरातला

राक्षस, परी आणि शाप यांनी भरलेली पुस्तके ख्रिस्ती घरात येऊ देऊ नयेत, असे सांगणारा एक वर्ग आपल्या समाजात नेहमीच होता आणि आजही आहे. पूर्वी त्याचा रोख गुलबकावली आणि हातिमताईवर असे. आता तो आपल्या मुली वाचतात त्या इंग्रजी अद्भुतरम्य कादंबऱ्यांवर आहे. या वर्गाच्या हेतूविषयी आम्हांला शंका नाही. मुलांचा विश्वास जपावा ही त्यांची तळमळ खरीच आहे. परंतु तळमळ खरी असली म्हणजे निदानही खरे असते, असे नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे आणि ते एका कादंबरीच्या आधाराने वाचकांपुढे मांडावे, एवढ्यासाठीच हा लेखनप्रपंच.

कादंबरीचे नाव ‘गर्ल, सर्पंट, थॉर्न’. मराठीत सांगायचे तर मुलगी, साप आणि काटा. लेखिका मेलिसा बशरदोस्त या इराणी वंशाच्या अमेरिकन असून त्यांचे हे पुस्तक २०२० साली प्रसिद्ध झाले. कथा पर्शियन लोककथांच्या मातीत रुजलेली आहे. सोराया ही राजकन्या; तिचा जुळा भाऊ राज्याचा शाह. जन्मापासून तिच्या अंगात विष भिनलेले आहे. ज्या जिवाला तिचा हात लागेल तो तत्काळ मरतो. म्हणून राजघराण्याने तिला लोकांच्या दृष्टीआड ठेवले आहे. हातांत सदैव हातमोजे, फिरायला भिंतींमधले गुप्त मार्ग आणि सोबतीला चार भिंतींत बंदिस्त असलेली गुलाबांची बाग. घरच्यांनी तिच्यावर हात उगारलेला नाही, कुणी उपाशी ठेवलेले नाही. फक्त ती आहे, हे कुणाला कळू नये, इतकीच सर्वांची इच्छा. एका दीवाच्या शापाने हे घडले, असे तिला सांगण्यात आले आहे. पुढे तळघरात कैद असलेल्या परवाने नावाच्या परीची आणि आझाद नावाच्या तरुण सैनिकाची तिच्याशी गाठ पडते आणि खोट्यावर उभारलेला तो सगळा डोलारा कोसळू लागतो. जे रहस्य उलगडते ते वाचकाच्या काळजाला हात घालणारे आहे: हा शाप कुणा शत्रूने दिलेला नव्हता, मुलीला एका राक्षसापासून वाचवण्यासाठी तो तिच्या आईनेच मागून घेतला होता.

या पुस्तकावर, किंवा या जातीच्या कोणत्याही पुस्तकावर, तीन आक्षेप घेतले जातात. पहिला असा की, दीव आणि शाप यांच्या गोष्टी वाचणे म्हणजे सैतानाला घराचे दार उघडून देणे. दुसरा असा की, ही परधर्माची पुराणे. त्यांच्याशी आपल्याला काय करायचे आहे? तिसरा आक्षेप नायिकेच्या प्रेमाविषयीचा आहे, त्याकडे आम्ही शेवटी वळणार आहोत. पहिल्या दोहोंना उत्तर देण्यासाठी फार लांब जाण्याची गरज नाही. आपल्या घरातले पवित्र शास्त्र उघडावे आणि त्यातले तोबितचे पुस्तक काढावे.

हे पुस्तक प्रॉटेस्टंट बंधूंच्या बायबलच्या मान्य ग्रंथांत नाही; आपल्या बायबलात आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ साली त्यावर शिक्कामोर्तब केले. मृत समुद्राजवळच्या कुमरान येथील गुहेतून १९५२ साली जी हस्तलिखिते बाहेर आली त्यांतही या पुस्तकाचे अरामी आणि हिब्रू तुकडे सापडले. आता त्यातली कथा आठवा. मेदिया देशातील एकबताना या नगरात, म्हणजे आजच्या इराणमधील हमदान येथे, सारा नावाची तरुणी राहते. एकामागून एक अशी सात वेळा तिची लग्ने लागली आणि सातही नवरे पहिल्याच रात्री मेले, कारण अस्मोदियस नावाच्या दुष्टात्म्याने त्यांना ठार केले. घरची दासी तिला तोंडावर नवऱ्यांना मारणारी म्हणून हिणवते. सारा माडीवर जाते, गळफास लावून घेण्याचा विचार तिच्या मनात येतो. पण वृद्ध बापाची नाचक्की होईल म्हणून ती थांबते आणि खिडकीपाशी उभी राहून देवाचा धावा करते. शापित कन्या, तिच्यावर पाळत ठेवणारा राक्षस आणि पार्श्वभूमीला पर्शियाची भूमी! ज्या कथेने आपला विश्वास धोक्यात येतो असे सांगितले जाते, तिची थोरली बहीण आपल्याच बायबलात शेकडो वर्षे सुखाने नांदते आहे. इतकेच नव्हे, तर लग्नाच्या मिस्सेत वाचण्यासाठी ख्रिस्तसभेने जी वाचने नेमून दिली आहेत त्यांत तोबितच्या पुस्तकातील उतारेही आहेत. ज्यांनी आपल्या विवाहात हे वाचन निवडले त्यांनी या शापित मुलीच्या कथेलाच साक्षी ठेवून संसार मांडला.

आणि तो अस्मोदियस तरी कोण? त्याचे मूळ अवेस्तेतील ‘ऐश्म दएव’ म्हणजे क्रोधाचा दीव या नावात आहे, असे अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. म्हणजे पर्शियाचा दीव आपल्या शास्त्रात केव्हाच येऊन गेला आहे. त्याला पाहून पवित्र लेखक घाबरला नाही. त्याने त्याला कथेत घेतले, त्याचे नाव घेतले आणि देवदूत राफाएलच्या हातून त्याला बांधून टाकले. भीती वाटते म्हणून राक्षसाचे नावच घ्यायचे नाही, ही रीत शास्त्राची नव्हे. नाव घेऊन त्याला हरवायचे, ही शास्त्राची रीत.

परकेपणाच्या आक्षेपाविषयीही थोडे बोलायला हवे. पर्शियाशी आपले नाते परक्याचे आहे, हे कुणी ठरवले? बाबेलच्या बंदिवासातून यहुद्यांना मायदेशी जाऊ देणारा सायरस हा पर्शियाचा राजा. यशया संदेष्ट्याच्या ग्रंथात त्याला देवाचा अभिषिक्त म्हटले आहे. बाळ येशूच्या दर्शनाला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांसाठी मत्तयने जो ग्रीक शब्द वापरला, तो मुळात इराणी पुरोहितांचे नाव आहे. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवाशाने लिहून ठेवले की कलियाना येथे पर्शियाहून नेमलेला बिशप आहे, आणि हे कलियाना म्हणजे आपले कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर पोर्तुगीज गलबते आपल्या किनाऱ्याला लागण्यापूर्वी सुमारे हजार वर्षे या भूमीवर ख्रिस्ती उपासना झाली आणि ती पर्शियन ख्रिस्तसभेच्या छायेखाली झाली. चेन्नईजवळच्या संत थॉमस पर्वतावरील क्रुसावर पहलवी लिपीतला लेख आजही आहे. आपल्या बोलण्यातले दरवाजा, बाग, गुलाब आणि परी हे शब्दही फारसीतूनच आले. जिच्या शब्दांनी आपण घराचे दार उघडतो, त्या भाषेची गोष्ट मात्र दाराबाहेर उभी करायची, हा कुठला न्याय?

एका शब्दापाशी तर आम्हांला क्षणभर थांबलेच पाहिजे. प्राचीन इराणी भाषेत ‘पइरिदएझ’ म्हणजे भिंतींनी वेढलेली जागा, कुंपणाची बाग. तोच शब्द ग्रीकमध्ये ‘पारादेयसॉस’ झाला, ग्रीक बायबलात एदेन बागेसाठी वापरला गेला आणि क्रुसावरील येशूने शेजारच्या चोराला ज्या जागेचे वचन दिले तिचेही नाव झाला. शाहनाम्याचा कर्ता फिर्दौसी याच्या नावातही हाच शब्द आहे. पर्शियन मनाला बाग म्हणजे स्वर्ग. बशरदोस्त यांनी त्याच बागेचा तुरुंग करून दाखवला आहे. भिंत तीच, गुलाब तेच. फक्त कडी बाहेरून लावलेली. प्रेमाने बांधलेली बाग तुरुंग कधी होते? हा प्रश्न विचारणारी कादंबरी आम्हांला श्रद्धेला घातक वाटत नाही. श्रद्धावंत आईबापांनी तो स्वतःला विचारलाच पाहिजे.

दीव या शब्दाचीही अशीच गंमत आहे. आपला ‘देव’ आणि इराणचा ‘दीव’ हे एकाच मुळाचे शब्द. इकडे तो पूजनीय झाला, तिकडे राक्षस ठरला. परीचा प्रवास याच्या उलट. अवेस्तेतील ‘पइरिका’ ही घातकी, मोहात पाडणारी शक्ती. पुढे फारसी काव्यात तीच लावण्यवती परी झाली आणि आपल्याकडे येईपर्यंत तर लहानग्या लेकीला लाडाने हाक मारण्याचे नाव होऊन बसली. तेव्हा एखाद्या परक्या गोष्टीवर सैतानी असा छाप मारण्यापूर्वी माणसाने जरा दमाने घ्यावे. उचलली जीभ लावली टाळ्याला, असे करून चालत नाही.

आता या कथांतून दुष्टाईचे जे दर्शन घडते ते पाहू. कादंबरीतील शाहमार हा सर्परूपी राक्षस ज्याच्यावरून घडवला आहे तो जह्हाक शाहनाम्यात भेटतो. सुमारे पन्नास हजार द्विपदींचा हा ग्रंथ फिर्दौसीने १०१० साली पूर्ण केला. जह्हाक जन्मतः राक्षस नाही. सैतान प्रथम त्याला बापाचे राज्य घेण्याची लालूच दाखवतो. मग आचारी होऊन चमचमीत पदार्थ खाऊ घालतो. आणि शेवटी बक्षीस म्हणून एवढेच मागतो की, मला तुमच्या खांद्यांचे चुंबन घेऊ द्या. चुंबन घेतलेल्या जागी दोन काळे साप उगवतात. कापले तरी पुन्हा वाढतात आणि त्यांना रोज दोन माणसांच्या मेंदूचे भोजन लागते. पाप असेच येते ना? आधी लालूच, मग चव, मग खांद्यावर मायेचा स्पर्श. आणि एकदा बिऱ्हाड केले की ते दुसऱ्यांच्या लेकरांवर पोसले जाते. पुढे राजाच्या स्वयंपाकघरात दोन सज्जन शिरतात आणि रोज दोघांपैकी एकाच्या जागी मेंढराचा मेंदू मिसळून एका तरुणाचा जीव वाचवतात. दोघांनाही वाचवणे त्यांच्या हाती नसते. एकाला वाचवणे असते, म्हणून ते तेवढे करतात. अखेर कावा नावाचा लोहार आपले चामडी पुढवण काठीला बांधून त्याचे निशाण करतो आणि फरिदून जह्हाकाला दमावंद पर्वतात जखडून टाकतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात मोह आणि पाप यांवरचा धडा शिकवणाऱ्या कुणालाही या कथेहून चांगले उदाहरण हवे असेल, असे आम्हांला वाटत नाही.

याच शाहनाम्यात झाल नावाच्या बालकाची कथा आहे. मूल सर्वांगसुंदर, पण केस मात्र जन्मतःच पांढरेशुभ्र. बाप साम हा नामांकित वीर. लोक काय म्हणतील या धास्तीने त्याने तान्ह्याला अल्बुर्झ पर्वतावर टाकून दिले. सीमुर्ग नावाच्या महापक्ष्याने त्याला आपल्या घरट्यात नेऊन पिलांबरोबर वाढवले. पुढे बापाला पश्चात्ताप झाला आणि तो मुलाला परत आणायला गेला. पाखराला जे मूल दिसले ते बापाला दिसले नव्हते. त्याला केवळ पांढरे केस दिसले होते. सोरायाची आई सामाहून पुष्कळ बरी. तिने मुलीला टाकले नाही, उलट तिच्या रक्षणासाठी जिवाचे रान केले. पण खरे काय ते मुलीला सांगण्याचे धैर्य तिला झाले नाही. मुलगी मोठी झाली ती स्वतःला राक्षसीण समजत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. परंतु त्या मुठीत लेकीचा जीव असेल तर तो तिथेच गुदमरतो.

विषारी स्पर्शाची मुलगी ही कल्पना काही एकट्या पर्शियाची नाही. आपल्याकडे विशाखदत्ताच्या ‘मुद्राराक्षसा’त चंद्रगुप्ताला मारण्यासाठी योजलेली विषकन्या आहे. नॅथॅनिअल हॉथॉर्न या अमेरिकन लेखकाने १८४४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘रापाचिनीची कन्या’ या कथेत, एका हिंदी राजाने अलेक्झांडरकडे अशी सुंदरी भेट म्हणून धाडल्याची जुनी कथा सांगितली जाते. हॉथॉर्नच्या त्या बागेशी आणि विषारी कन्येशी सोरायाचे नाते उघड आहे. म्हणजे भारतातली विषकन्या पश्चिमेला गेली आणि तिची दूरची नात आज एका इराणी वंशाच्या लेखिकेच्या हातून आपल्या मुलींच्या दप्तरात आली आहे. या सर्व कथांत एक गोष्ट समान दिसते: विष मुलीने स्वतः निवडलेले नसते. कुणी राजकारणासाठी, कुणी विद्येच्या गर्वापायी, कुणी प्रेमापोटी ते तिच्या अंगात भरलेले असते. आणि लोक मात्र बोट दाखवतात ते मुलीकडेच.

आता गोष्टीतून घरात येऊ. कारण आमचे खरे भांडण इथे आहे.

लग्न होऊन वर्षाच्या आत नवरा गेला की, ही पांढऱ्या पायाची, असे कोण म्हणते? परी-राक्षसांच्या कादंबऱ्या वाचणाऱ्या मुली म्हणत नाहीत. साखरपुडा मोडलेल्या मुलीकडे पाहून कुजबुजणारे, कोडाचा डाग दिसला म्हणून स्थळ फिरवणारे, फेफरे येते ही गोष्ट घराच्या चार भिंतींत दडपून मुलीला सोयऱ्याधायऱ्यांपुढे येऊ न देणारे, हे सारे रविवारची मिस्सा न चुकवणारे लोक आहेत. फेफऱ्यावर औषध आहे आणि कोड स्पर्शाने पसरत नाही, हे आता शाळेतली मुलेही जाणतात. तरी दार लावून घेतले जाते. या घरांतून एकाही अद्भुत कादंबरीला प्रवेश नसेल; पण सोराया मात्र तिथे राहते. तिच्या हातांत मोजे नसतील, एवढाच काय तो फरक.

याहून गंभीर गोष्ट अशी की, या क्रौर्याला अलीकडे धर्माचा आधार शोधला जातो. घरात आजारपण आले, मूल होईना, लग्न जमेना, की कुणीतरी सांगते, तुमच्या घराण्याला पिढीजात शाप आहे. पूर्वजांचे पाप तुम्हांला भोवते आहे. कुळाचा वृक्ष काढा, कुणी काय केले ते शोधा आणि शाप तोडणारी प्रार्थना करून घ्या. ही शिकवण ख्रिस्तसभेची नाही. फ्रान्सच्या धर्माध्यक्षांच्या सिद्धान्त आयोगाने २००७ साली आणि स्पेनच्या धर्माध्यक्षांच्या आयोगाने २०२४ साली या प्रकारच्या पिढीजात आरोग्यदानाच्या प्रार्थनांविरुद्ध स्पष्ट इशारा दिला आहे. पाप हे नेहमी व्यक्तीचे असते. आजोबाचा अपराध नातवाच्या माथी बसत नाही. आणि बाप्तिस्म्याने जे धुतले गेले ते अजून शिल्लक आहे असे म्हणणे म्हणजे बाप्तिस्म्यावरच अविश्वास दाखवणे होय. भूत काढण्याच्या विधीबाबतही कायदा स्पष्ट आहे. धर्मप्रांताच्या अधिपतींची खास आणि उघड परवानगी असल्याशिवाय असा विधी कुणालाही करता येत नाही, असे ख्रिस्तसभेच्या कायद्याचे ११७२ वे कलम सांगते.

यावर काही जण निर्गम ग्रंथाकडे बोट दाखवतील. तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत शिक्षा पोहोचते असे तिथे आहे ना? आहे. पण लगेच पुढे दयेची मोजणी हजारांनी केली आहे, ती का वाचत नाही? आणि यहेज्केल संदेष्ट्याचा अठरावा अध्याय का वगळता? बापाने खाल्लेल्या आंबट द्राक्षांनी मुलाचे दात आंबतात, ही म्हण इस्राएलात पुन्हा कुणी उच्चारू नये, असे देव तिथे बजावून सांगतो. बापाच्या दारूचे चटके मुलांना बसतात, हे आम्ही नाकारत नाही. कर्ज, आजार, धाक आणि मुकेपणा या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या उतरतात. परंतु परिणाम वारशाने येतात. अपराध येत नाही. परिणामावर औषध, समुपदेशन, पापनिवेदन आणि माणसांचा आधार हे उपाय आहेत. त्यांना शाप म्हटले की सारे उपाय थांबतात आणि फक्त भीती उरते.

योहानाच्या शुभवर्तमानातील जन्मांध माणसाचा प्रसंग या संदर्भात आम्हांला फार मोलाचा वाटतो. पाप कुणाचे, याचे की याच्या आईबापांचे, असे शिष्यांनी विचारले. आपल्या शापशोधकांचा प्रश्न अगदी हाच आहे. येशूने दोन्ही पर्याय फेटाळले. पण त्याच प्रसंगातील आईबापांकडेही पाहा. सभास्थानातून काढून टाकतील या भयाने ते आपल्या मुलाची बाजू घेत नाहीत. तो मोठा आहे, त्यालाच विचारा, असे म्हणून अंग काढून घेतात. मुलाचे दुःख झाकणारे आईबाप दुष्ट असतात असे नाही. ते बहुधा घाबरलेले असतात. सोरायाची आईही तशीच. म्हणून समाजानेच अशी भीती उरू देता कामा नये.

तिसरा आक्षेप राहिला. या कादंबरीत सोरायाचे मन अखेर परवानेकडे, म्हणजे एका स्त्रीरूप परीकडे ओढले जाते. हे पालकांपासून लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल, म्हणून आम्ही ते उघड सांगतो. ज्यांना आपल्या मुलीच्या वयाचा विचार करून हे पुस्तक पुढे ढकलावेसे वाटेल त्यांचा तो अधिकार आहे. विवाहाविषयी ख्रिस्तसभेची शिकवण काय आहे, हे वाचकांना ठाऊक आहे आणि आम्ही तिच्याबाहेर जात नाही. परंतु त्याच ख्रिस्तसभेची धर्मशिक्षा असेही सांगते की, अशा ओढीच्या माणसांना आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकारावे आणि त्यांच्याबाबत अन्याय्य भेदभाव करू नये. आपल्या धर्मग्रामात असा एखादा मुलगा किंवा मुलगी असेल तर आपण त्यांच्यासाठी कोणती बाग बांधली आहे आणि तिची कडी कोणत्या बाजूला आहे, हा प्रश्न हे पुस्तक बंद केल्याने टळत नाही. मुलगी असे काही वाचत असेल तर तिच्याशेजारी बसून वाचावे, तिचे ऐकावे, आपले सांगावे. पुस्तक हिसकावून घेणे सोपे असते. संवाद कठीण असतो. आईबापपण कठीण बाजूला आहे.

याचा अर्थ ही कादंबरी आम्हांला निर्दोष वाटते, असा नव्हे. तिच्याशी आमचे एक भांडण आहेच. सोरायाची सुटका शेवटी तिच्या स्वतःच्या स्वीकारात आहे. ज्या काट्यांची लाज वाटत होती ते आपलेच म्हणून ती स्वीकारते आणि बळ मिळवते. हे धीराचे आहे, आजच्या मुलींना भावणारेही आहे. पण ते अपुरे आहे. साऱ्या जगाने राक्षसीण ठरवलेल्या मुलीला, तुझे राक्षसीपण हेच तुझे सामर्थ्य, असे सांगणे म्हणजे जगाचा निवाडा अर्धा मान्य करणेच झाले. तोबितचे पुस्तक याहून पुढे जाते. तिथे साराला कुणी म्हणत नाही की विष तुझे आहे, ते जप. तिथे राफाएल तोबियासला सांगतो की, घाबरू नकोस, ही मुलगी तुझ्यासाठीच नेमलेली आहे. राक्षस वेगळा आणि मुलगी वेगळी, हा निवाडा देवदूत करतो. मग एक साधा, थोडासा घाबरलेला तरुण माशाचे काळीज आणि यकृत निखाऱ्यावर ठेवतो आणि दुष्टात्मा थेट इजिप्तपर्यंत पळत सुटतो. साराचा बाप मात्र त्या रात्रीही अंगणात आठवी कबर खोदवून ठेवतो; इतकी त्याला सवय झालेली असते. पहाटे दोघे जिवंत आहेत असे कळल्यावर ती कबर घाईघाईने बुजवली जाते आणि चौदा दिवस लग्नाची मेजवानी चालते. साराने स्वतःला स्वीकारले म्हणून ती वाचली नाही. तिची प्रार्थना ऐकली गेली आणि तिच्या दाराशी कुणीतरी चालत आले, म्हणून ती वाचली.

हा फरक मुलांना समजावून सांगायचा असेल तर दोन्ही पुस्तके त्यांच्या हाती असली पाहिजेत. सोराया वाचलेल्या मुलीला सारा अधिक कळेल आणि सारा ठाऊक असलेली मुलगी सोरायाच्या काट्यांना भुलणार नाही. म्हणून आमची मागणी सरळ आहे. धर्मग्रामाच्या ग्रंथालयातून अशा पुस्तकांना हद्दपार करू नका. त्यांवर चर्चा ठेवा. धर्मशिक्षणाच्या वर्गात तोबितचे पुस्तक गोष्ट म्हणून सांगा. ते केवळ लग्नाच्या मिस्सेपुरते ठेवू नका. आणि बंदीच घालायची हौस असेल तर ती दोन शब्दांवर घाला: पांढऱ्या पायाची आणि पिढीजात शाप. हे शब्द उच्चारले जातील तिथे, मग ते स्वयंपाकघर असो, सोयरिकीची बैठक असो की प्रार्थनेचा मेळावा, उठून विरोध करा.

सात नवरे गमावलेल्या मुलीच्या घरी वऱ्हाड घेऊन जाण्याची हिंमत देवदूताने दाखवली होती. आपल्या वाडीतल्या अशाच एखाद्या घराची कडी वाजवायला आपल्याला देवदूत होण्याची गरज नाही. शेजारी असणे पुरेसे आहे.